किल्लीदाराची बाजू

ती मालिका आमच्या घरात आणली माझ्या भाचीनं. परदेशातली, हिंदीत डब केलेली. बर्फातला किल्ला, तलवारी, विषाचे पेले आणि तळघरात झोपलेला नागासारखा एक अजस्र प्राणी. पहिल्या रविवारी मी म्हटलं, हे काय सोंग लावलंय, बंद करा. पुढच्या महिन्यात मीच परतूरहून सकाळची गाडी धरून माहेरी पळायला लागले, भाग चुकायला नको म्हणून. माणसाचं काही सांगता येत नाही, शाळामास्तरणीचं तर बिलकुल नाही.

माहेर आमचं परतूरहून आष्टीला जाताना मधल्या एका गावात. घरात थोरला भाऊ, त्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो. त्याची बायको आणि तीन मुलं. आणि धाकट्या भावाची बायको, म्हणजे माझी धाकटी भावजय, तिच्या एकुलत्या एका मुलीसह. धाकटा भाऊ विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथंच गेला. तेव्हा भाची चौथीत होती. बाप गेला की दिराच्या घरात बाईचं आणि पोरीचं काय होतं, ते मी सांगायला नको. तिला कोणी उपाशी ठेवलं नाही. पण चहा कोणी आधी प्यायचा, पंखा कुठल्या खोलीत लागायचा, पोरीला वह्या कधी आणायच्या, हे सगळं दादा ठरवायचा आणि ती मान खाली घालून 'बरं' म्हणायची.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि सरपंचपद बाईला राखीव निघालं. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला स्वतःला उभं राहता येत नव्हतं आणि थोरल्या वहिनीला तिसरं लेकरू असल्यामुळं कायद्यानं ती पण बाद. घरात एकच बाई उरली होती. दादानं धाकटीला उभं केलं, निवडून आणलं, सदस्यांना जमवून सरपंच केलं. आता ही सही करेल आणि गाव मी चालवीन, असा त्याचा साधा हिशेब होता.

हिशेब चुकला. माझी भावजय बदनापूरची, बारावी झालेली, आणि हातात येणारा कागद वाचल्याशिवाय सही न करणारी. पहिले सहा महिने ती नुसती वाचत बसली. नंतर विचारायला लागली. त्यानंतर 'न्हाई' म्हणायला लागली. गावातल्या बाया घरी यायला लागल्या, ग्रामसेवक तिला 'मॅडम' म्हणायला लागला, आणि घरात पहिल्यांदा तिच्या खोलीत वेगळा पंखा लागला. थोरली वहिनी माझ्या कानाशी लागायची, "कानामागून आली अन् तिखट झाली." मी म्हणायचे, झाली तर झाली, तुमच्या भाजीत तर पडली न्हाई ना.

पण एक गोष्ट मला दिसत होती आणि तिलाही दिसत होती. ह्या घरातली तिची जागा त्या खुर्चीवर टेकलेली होती. नवऱ्याच्या वाट्याची जमीन अजून तिच्या नावावर झाली नव्हती. खुर्ची गेली की दादा तिला माहेरचा रस्ता दाखवणार, हे उघड होतं. तिनं मला एकदा मोसंबीच्या बागेत स्वच्छ सांगितलं होतं, "ताई, मला सरपंचकीचं काय करायचंय? पण ती हाय तोवर मी ह्या घरातली हाय. माझी पोरगी ह्या घरातून शिकून बाहेर पडली पायजे, बस." तिला एवढंच पाहिजे होतं.

त्या रविवारच्या बैठकीत आम्ही ठरलेली माणसं. मी, भावजय, भाची. खताच्या दुकानाचा मालक, आमच्या भावकीतला आणि पंचायतीचा सदस्य. आणि काका. काका म्हणजे वडलांचे चुलतभाऊ, तेही सदस्य, सत्तरी ओलांडलेले, धोतर नेसणारे. त्यांना त्या मालिकेतलं एकही नाव उच्चारता यायचं नाही, म्हणून त्यांनी आपली नावं पाडली होती. राणी ती 'पांढरीण', कारण तिचे केस पांढरे. तिचा वैरी तो 'वजीर'. आणि किल्ल्याला एकामागं एक सात दारं होती, प्रत्येक दाराला एक किल्ली सांभाळणारा सरदार, ते 'किल्लीदार'. पुढं आम्ही सगळेच तसं म्हणायला लागलो. काकांना एकच शंका शेवटपर्यंत सतावत राहिली. "एवढं मोठं जनावर तळघरात बांधलंय, ते खातं काय? बर्फात कडबा कुठून आणून राह्यले हे?" भाची समजावायची, "आबा, ते शंभर वर्षं झोपतं." काका म्हणायचे, "झोपलं तरी जनावर हाय. म्हैस झोपती म्हणून काय खायची थांबती का?"

दादा आमच्यात बसायचा नाही. दारात खुर्ची टाकून, फोन हातात घेऊन, अर्धं लक्ष इकडं. पण वजीर पडद्यावर आला की फोन मांडीवर ठेवायचा. वजीर कधी ओरडायचा नाही, तलवार उचलायचा नाही. नुसता प्रत्येकाच्या घरी जायचा, जेवायचा, आणि उठताना एक वाक्य बोलून जायचा. दादा म्हणायचा, "हे एकच माणूस कामाचं हाय ह्यांच्यात." तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

राणीवरून तर जाम भांडणं. दुकानदार तिच्या बाजूचा, पक्का. मी अर्धी. कारण ती काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पहिल्याच भागात तिनं सख्ख्या मामाला दुधातून विष दिलं होतं. मी म्हणायचे, जी मामाला मारून गादीवर बसली तिनं आता न्यायाच्या गप्पा मारू नयेत. दुकानदार म्हणायचा, "ताई, तिनं मामाला मारलं नसतं तर मामानं तिला मारलं असतं. मंग तुम्ही मामाच्या बाजूनं बोलल्या असत्या का?" भाची म्हणायची, ह्या मालिकेत चांगलं असं कोणी नाहीच, तीच तर गंमत. आणि भावजय कांदा चिरत, शेंगा फोडत, काहीतरी करत ऐकायची. ती शेवटी बोलायची आणि थोडंच बोलायची. पण तिचं बोलणं झालं की वाद मिटायचा, हे खरं.

त्याच दिवसांत गावात दुसरं एक चाललं होतं. गायरानावर खडी क्रशर टाकायला दादाच्या एका भागीदाराला पंचायतीची ना-हरकत पाहिजे होती. गायरानाला लागून दलित वस्ती, पलीकडं शाळा. भावजय म्हणाली, धूळ कोण खाणार? सही करणार नाही. दादानं आधी प्रेमानं सांगितलं, मग जेवताना ताट सरकवून उठला, मग बोलणंच टाकलं. मी त्याला म्हटलं, "दादा, पोरीबाळी हायेत शाळेत, काहीतरी लाज धर." तो म्हणाला, "तू परतूरची झालीस. इथलं तुला काय कळतं?" पण तो नंतर एकदम गोड झाला. भावजयीला 'सूनबाई, चहा झाला का' असं हाक मारायला लागला. तो गोड झाला की मला भीती वाटते, लहानपणापासूनची.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोघीतिघी पण आल्या होत्या. वीज जाईल म्हणून भाचीनं फोन चार्ज करून ठेवला होता. वीज गेली नाही.

तो भाग असा होता. वजिराची फौज किल्ल्याखाली येऊन उभी. सहा किल्लीदार आधीच फितूर, दारं उघडी. सातवं दार एका म्हाताऱ्या किल्लीदाराच्या ताब्यात. राणीला त्यानं लहानपणी घोड्यावर बसायला शिकवलेलं, राणी त्याला बापाच्या जागी मानते. आणि वजिरानं त्याचा मुलगा पकडून ठेवलेला. म्हातारा रात्रभर किल्ली हातात धरून बसतो. सकाळी उठतो, तोंड धुतो, आणि दार उघडतो. तळघरातला प्राणी राणीच्या हाकेला जागा होतच नाही. राणीला धरतात. ती त्या सातही दारांतून चालत खाली जाते, प्रत्येक दारात एक किल्लीदार मान खाली घालून उभा. बर्फात तिची पावलं दिसतात, आणि संपलं.

भाची रडली. दुकानदार उठून उभाच राहिला. "ह्याच्यासाठी इतके रविवार बसलो आपण?" काका म्हणाले, जनावर उपाशी होतं म्हणून उठलं नाही, मी आधीच सांगत होतो. आणि मग पेटला तो वाद, किल्लीदारावरून.

मी म्हटलं, हरामखोर आहे तो म्हातारा. जिच्या ताटातलं खाल्लं तिलाच विकलं. दुकानदार म्हणाला, सहा जणांनी पैशासाठी केलं, ते तरी उघड चोर. हा तर घरातला. शेजारची एक म्हणाली, पोरासाठी केलं ना पण. मी म्हटलं, पोरासाठी केलं म्हणजे काय पुण्य झालं? पोराला काय तोंड दाखवणार तो? आवाज चढले. काका काही बोलत नव्हते. पंच्याने तोंड पुसत बसले होते. एरवी त्या कडब्यावर तासभर बोलणारा माणूस, पण माझ्या ते लक्षात आलं नाही.

तेवढ्यात दारातून दादा बोलला. फोन मांडीवर होता. "सूनबाई, तुमचं काय म्हणणं हाय? किल्लीदाराचं चुकलं का?"

त्यानं असं तिला सगळ्यांत कधी विचारलं नव्हतं. तिलाही बरं वाटलं असावं. तिनं शेंगांचं ताट बाजूला ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "न्हाई दादा. मी राणी असते तर मी त्याला माफ केलं असतं. बाप हाय तो. पोरगं दुसऱ्याच्या ताब्यात असल्यावर बापानं दुसरं काय करावं? त्याच्या जागी कोणीबी असलं तर तेच करील. चूक वजिराची. म्हाताऱ्याला काय बोल लावायचा?"

वाद नेहमीसारखा मिटला. मला मात्र तिचा राग आला. मी म्हटलं, तुझं हे मन तुला बुडवणार एक दिवस. ती हसली. दादा पण हसला. आणि काकांकडं वळून म्हणाला, "काका, ऐकलं का? शिकलेलं माणूस कसं बोलतं बघा."

काका उठले, चपला घातल्या आणि चहा न पिता गेले.

दोनच दिवसांनी तहसीलला अविश्वासाची नोटीस पडली. सदस्य नऊ, तिला धरून. बाई सरपंच असली की तिला काढायला तीन चतुर्थांश, म्हणजे सात हात लागतात. दादाकडं सहा होते. एक ती स्वतः, एक दुकानदार, एक काका. हे तिघं धरून राहिले तर ठराव पडणार होता. भावजयीनं मला फोन केला. आवाज साधा होता. "ताई, काका हायेत ना, मंग काय चिंता न्हाई." मीही तेच म्हटलं. काकांनी ह्या पोरीचं लग्न लावताना अक्षता वाटल्या होत्या. आमचा भाऊ गेला तेव्हा तिला घरात धरून बसले होते. दुसऱ्या कोणाचा भरवसा धरला नसता, पण काकांचा धरला.

आमच्याकडं अविश्वासाआधी सदस्यांना सहलीला नेतात, हे कोणाला नवीन नाही. जीप येते, फोन काढून घेतात, आणि माणसं समुद्राकाठी नाहीतर डोंगरावर नेऊन ठेवतात ते थेट मतदानाच्या दिवशी आणतात. ते सहाजण गेले. गावानं बघितलं. मग एका सकाळी भावजय काकांकडं ताक घेऊन गेली तर काकू म्हणाल्या, ते देवदर्शनाला गेले. कुठल्या देवाला? काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

भावजयीनं तेव्हाही मानलं नाही. "देवालाच गेले असतील, ताई. त्यांना खोटं बोलायची सवय न्हाई." मी शाळेत रजा टाकली आणि गावी आले. दुकानदारानं मग मला खरं सांगितलं. काकांचा धाकटा मुलगा पस्तिशीला आलेला, पाच एकर बागायत, मोसंबी, घर स्लॅबचं, निर्व्यसनी. आणि पोरगी मिळत नाही. आता गावोगाव हेच आहे. मुलीच्या बापाला नोकरीवाला पाहिजे; शेतीवाल्याचं नाव काढलं की पाहुणे चहा पिऊन उठतात. काका आठ-नऊ वर्षं फिरले. जालना झालं, परभणी झालं, पार बीडपर्यंत जाऊन आले. मुलगा हळूहळू जेवायला सगळ्यांबरोबर बसेना, बोलेना. आणि दादानं त्याच्यासाठी मुलगी आणली होती. क्रशरवाल्या भागीदाराच्या मेव्हण्याची. मुलगी बघून झाली होती, पसंत होती. फक्त सुपारी फोडायची राहिली होती, आणि ती कधी फोडायची ते दादा सांगणार होता.

"म्हणजे पोरगं ताब्यात हाय," मी म्हटलं. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं.

आणि मला तो प्रश्न कळला. दारात बसून, फोन मांडीवर ठेवून विचारलेला. काकांचं मन होत नव्हतं. सोयरीक पाहिजे होती पण ह्या पोरीच्या विरुद्ध हात वर करायचं धाडस होत नव्हतं. त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं की बाबा, ह्यात पाप नाही. आणि ते दादानं सांगून चाललं नसतं. ते तिच्याच तोंडून यायला पाहिजे होतं. माझा भाऊ इतका हुशार आहे हे मला माहीत नव्हतं. इतका नीच आहे हेही माहीत नव्हतं. रक्ताचा आहे म्हणून हात आखडता घेऊन लिहीन, असं कोणी समजू नये.

मतदानाच्या दिवशी मी पंचायतीच्या ऑफिसात मागच्या बाकावर होते. तहसीलदार यायचे होते. भावजय आपल्या खुर्चीवर बसलेली, इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर. बाहेर दोन जीपा लागल्या. सगळे उतरले, बाया नव्या साड्यांत, पुरुष नव्या पांढऱ्या शर्टांत, उन्हानं काळवंडलेली तोंडं. काका शेवटी उतरले. त्यांनाही कोणीतरी धोतरावर नवा शर्ट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

त्या सहांपैकी एकानं दुकानदाराला नंतर सांगितलं, की तिकडं समुद्राकाठी करमणूक काहीच नव्हती, म्हणून खोलीतल्या टीव्हीवर त्यांनी तीच मालिका बघितली, शेवटच्या भागापर्यंत. आणि संध्याकाळभर वाद घातला. सगळ्यांचं एकमत झालं की किल्लीदारासारखा नालायक माणूस नाही. एकानं तर शिव्या दिल्या. एकालाही काही वाटलं नाही, सगळे पोटभर जेवून झोपले. काका तेवढे बाहेर वाळूत जाऊन बसले होते, असं तो म्हणाला.

काका आत आले आणि नेमकी तिच्या समोरची खुर्ची त्यांच्या वाट्याला आली. ती उठून उभी राहिली, सासऱ्याच्या मानाचे ते. म्हणाली, "मामा, प्रवासानं दमला का? पाणी देऊ?"

काका म्हणाले, "नको." मग नजर टेबलाकडं वळवली. आणि म्हणाले, इतक्या हळू की मला मागं जेमतेम ऐकू आलं, "बाई, तूच म्हणली होतीस ना, बाप दुसरं काय करील?"

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ होती माझ्याकडं. "हो मामा," ती म्हणाली, "म्हणले होते." आणि खाली बसली.

तहसीलदार आले. ठराव वाचला. हात वर करायला सांगितले. सहा हात पटकन वर गेले. सातवा सावकाश गेला. शर्टाची बाही आधी वर आली आणि मग बोटं. दुकानदार खाली बघत बसला होता. बाहेर हलगी वाजायला लागली, म्हणजे त्यांना आतलं आधीच माहीत होतं.

गुलाल आमच्याच दारात उधळला. दादाच्या कपाळाला, शर्टाला, मोटरसायकलला. भावजय मागच्या दारानं घरात आली, हातपाय धुतले आणि भाकरी टाकायला बसली. मी बैठकीत जाऊन दादाशी भांडले. जे तोंडाला आलं ते बोलले, लोकांसमोर बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गुलाल पुसला आणि थोरल्या वहिनीला म्हणाला, ताईला चहा द्या, उन्हातून आली आहे. मला वाटलं ह्याच्या कानाखाली द्यावी. दिली नाही. चहा मोरीत ओतला आणि परतूरला आले. त्या वर्षी मी भाऊबीजेला गेले नाही. अजून जात नाही.

'जा' असं तिला कोणी म्हटलं नाही, तेवढं दादाला कळतं. आधी म्हणाला, थोडे दिवस बदनापूरला राहून या, गावात सध्या बरं दिसत नाही. ती म्हणाली, घर माझं पण आहे. तो म्हणाला, कोण न्हाई म्हणतंय. मग चूल वेगळी झाली. मग तिच्या बाजूचं नळाचं पाणी येईना. मग खोलीत बियाण्याची पोती येऊन पडली, जागा नाही म्हणून, थोडे दिवसच. मी म्हटलं, वकील करू, कोर्टात जाऊ, मी आहे. ती म्हणाली, "ताई, पोरगी दहावीला हाय. कोर्ट करू का तिचा अभ्यास करू? ह्या घरात ती आता पुस्तक उघडत न्हाई, दाराकडं बघत बसती." एवढं बोलून ती रडली. मी तिला भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच रडताना बघितलं. दोन ट्रंका आणि गादी घेऊन त्या दोघी बदनापूरला गेल्या. तिच्या भावाचं घर दोन खोल्यांचं. तिथं ती आश्रित म्हणूनच गेली, हे तिलाही माहीत होतं.

क्रशर सुरू झालं. शाळेच्या खिडक्या आता बंद ठेवतात.

भाची दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढच्या प्रवेशाला तहसीलचे दाखले लागतात आणि त्यासाठी गावचा रहिवासी दाखला. बदनापूरला त्यांचं काहीच नाही; रेशन कार्ड, मतदान, सगळं इथलं. भावजय म्हणाली, आपल्या गावात जाऊन आणू, त्यात काय. सरपंच असताना तिनं असले दाखले कोणालाही परत न पाठवता दिले होते. बाया चुलीवरचं सोडून यायच्या आणि दहा मिनिटांत घेऊन जायच्या. मी त्या दोघींबरोबर गेले.

तिच्या खुर्चीवर नवी सरपंचबाई होती, त्या सहांपैकीच एक, आणि शेजारी तिचा नवरा. उपसरपंच म्हणून काका. ग्रामसेवक तोच, पण आता तिला मॅडम म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही. सरपंचबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण तुम्ही इथं राहत नाहीत असं आमच्या कानावर आहे. खोटा दाखला कसा द्यायचा? दादांनी तर सांगितलंय की घर तुम्ही सोडलं." भावजय म्हणाली, "सोडलं न्हाई. माझं घर हाय ते. मामांना विचारा की. मामांना सगळं माहीत हाय."

सगळ्यांनी काकांकडं बघितलं. मला माहीत होतं, गावाला माहीत होतं, की त्यांच्या मुलाची सुपारी अजून फुटली नव्हती. दादा कधी म्हणायचा दिवाळीनंतर, कधी म्हणायचा मुलीच्या भावाचं आधी होऊ द्या. मुलगा त्याच वेळी खिडकीबाहेर गाडी धरून उभा होता, बापाला न्यायला आलेला. दाढी वाढलेली, मान खाली. काकांनी एकदा त्याच्याकडं बघितलं.

"काका, ह्या इथं राहतात का?" ग्रामसेवकानं विचारलं.

"न्हाई," काका म्हणाले.

भाचीनं माझा हात घट्ट धरला. मी बोलायला तोंड उघडलं तर भावजयीनं हातानंच मला थांबवलं. तिनं टेबलावरचे आपले कागद गोळा केले, पिशवीत ठेवले. मग रिवाजाप्रमाणे, गावाहून निघताना मोठ्यांच्या पाया पडतात तशी, डोक्यावर पदर घेऊन काकांपुढं वाकली. काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तिचा हात नुसता फरशीला लागला. तोच हात तिनं कपाळाला लावला आणि आम्ही बाहेर पडलो.